पाण्याला विरजण लावा, मग मासे सोडा
परसातली उंच टाकी आणि कोई मासे



शोभेचे मासे म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती शहरातल्या दवाखान्यातली काचेची पेटी. पण दुकानात येण्याआधी या माशांची पिल्लं वाढतात ती सिमेंटच्या टाक्यांत आणि तळ्यांत. हे काम घरामागच्या परसात करता येतं, बाईला घर सोडून लांब जावं लागत नाही, म्हणून बचत गटांच्या बैठकीत हा विषय वरचेवर निघतो. आज आपण त्यातलं एकच काम नीट समजून घेऊ. जमिनीच्या वर बांधलेली टाकी, आणि तिच्यात कोई मासे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, ती मनात पक्की ठेवा. चांगला गवंडी अशी टाकी आठवड्याभरात उभी करतो. तिच्यातलं पाणी मासे राहण्याजोगं व्हायला मात्र दोन महिने लागतात. हे दोन महिने थांबायचा धीर ज्या गटाकडे आहे, त्यांनीच या कामात पैसा घालावा. नव्या टाकीत आज पाणी भरलं आणि उद्या मासे सोडले, तर आठवड्यात मासे उलटे तरंगताना दिसतील.

कोई म्हणजे कोण?

धरणातून आपल्या बाजारात सायप्रिनस नावाचा मासा येतो, तो तुम्ही पाहिला असेल. कोई हा त्याचाच रंगीत भाऊबंद. जपानमध्ये निगाता नावाच्या डोंगराळ भागात हिवाळ्यात खूप बर्फ पडतं. तिथले भातशेती करणारे लोक हिवाळ्यात खायला मिळावेत म्हणून खाचरांच्या पाण्यासाठी केलेल्या तळ्यांत हे मासे पाळायचे. साधारण दोनशे वर्षांपूर्वी त्यात कधी लाल, कधी पांढरा असा एखादा मासा निघू लागला. शेतकऱ्यांनी तो खाल्ला नाही, वेगळा ठेवला, त्याची पिल्लं वाढवली. चांगलं बी राखून ठेवावं तसंच हे. १९१४ साली टोकियोच्या मोठ्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि त्यांचं नाव सगळीकडे झालं. पांढऱ्या अंगावर लाल ठिपके असलेल्या माशाला कोहाकू म्हणतात. अजूनही गिऱ्हाईक आधी तोच मागतं.

कोई काटक आहे. आपली थंडी आणि आपला उन्हाळा दोन्ही सोसतो. पण तो दोन फुटांपर्यंत वाढतो, हे विसरू नका. म्हणून लहान टाकीत आपण त्याला जन्मभर ठेवणार नाही. दीड-दोन इंचांचं पिल्लू आणायचं, चार-पाच इंचांचं करायचं आणि विकायचं. खाणं आणि पाणी चांगलं असेल तर याला साधारण चार-पाच महिने लागतात.

टाकी जमिनीच्या वर का?

खड्डा खणून प्लास्टिक अंथरणं स्वस्त पडतं, हे खरं. पण पावसाळ्यात अंगणातलं गढूळ पाणी, शेजारच्या शेतातली फवारणी, गोठ्याचं मूत्र, सगळं त्या खड्ड्याकडे वाहत येतं. बेडूक आणि दिवड साप सहज आत जातात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, रांगतं मूल आत जाऊ शकतं. तीन फूट उंच भिंत या बऱ्याच गोष्टी अडवते.

दुसरा फायदा पाणी काढण्याचा. टाकी वर असली की तळाचा कॉक फिरवला की घाण पाणी आपोआप बाहेर पडतं, मोटर लावावी लागत नाही. या पाण्यात माशांची विष्ठा असते, ते झाडांना खत म्हणून उत्तम. कॉकचं तोंड परसबागेकडे ठेवा. दुधी, कढीपत्ता, केळ, सगळ्यांना ते मानवतं.

जागा आणि माप

जागा घराजवळची, नजरेसमोरची निवडा. दुपारचं ऊन थेट येऊ नये. पण मोठ्या झाडाखालीही नको, कारण पानं पडून पाण्यात कुजतात आणि मुळं भिंत उचलतात. चार-पाच तास सकाळचं ऊन आणि दुपारी शेडनेटची सावली, हे चांगलं.

आता माप धरू. आतून लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, भिंत ३ फूट उंच आणि पाणी अडीच फूट. दहा गुणिले सहा गुणिले अडीच, म्हणजे १५० घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे टाकीत ४,२०० लिटर पाणी. एका लिटरचं वजन एक किलो, म्हणजे नुसत्या पाण्याचं ओझं सव्वाचार टनांच्या आसपास. भिंतीचं वजन वेगळं.

म्हणून पायाकडे लक्ष द्या. कोकणात खाली कातळ किंवा जांभा असेल तर काळजी कमी. पण काळ्या भारी जमिनीत फार जपावं लागतं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिला हातभर भेगा पडतात, आणि तिच्याबरोबर टाकीलाही भेग जाते. अशा जमिनीत दीड-दोन फूट काळी माती काढून टाका. तिथे मुरूम भरा, पण एकदम नाही. सहा इंचांचा थर, पाणी मारून धुम्मस, मग पुढचा थर. त्यावर चार इंचांचं काँक्रीट. तळाला कॉकच्या बाजूकडे थोडा उतार द्या, म्हणजे घाण तिथे गोळा होते.

भिंत किती जाड?

इथे पैसे वाचवायचा मोह होतो. साडेचार इंची भिंत घातली तर विटा निम्म्या लागतात. पण पाण्याचा रेटा बघा. अडीच फूट पाणी भरलं की दहा फुटी भिंतीवर आतून साधारण नऊशे किलोचा रेटा असतो, आणि तो रात्रंदिवस असतो. म्हणजे धान्याची नऊ क्विंटल पोती त्या भिंतीला टेकून ठेवली आहेत असं समजा. भिंत नऊ इंचीच हवी. लांब भिंतींच्या मध्ये बाहेरून एकेक आधाराचा खांब घ्या. भिंतीच्या मध्यावर आणि वर असे दोन काँक्रीटचे पट्टे घालून त्यांत आठ मिलिमीटरच्या दोन-दोन सळया चारही बाजूंनी फिरवून घ्या. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवायची.

या मापाला हजार-अकराशे विटा आणि पाया, बांधकाम, गिलावा धरून बारा ते चौदा गोण्या सिमेंट लागतं. आतला गिलावा वॉटरप्रूफिंगची पावडर घालून, घोटून गुळगुळीत करा. खडबडीत भिंतीवर मासा अंग घासतो आणि जखम होते. आतले कोपरे गोल करून घ्या. तळाला दोन इंची पाइप आणि कॉक, अडीच फुटांवर जादा पाणी जायला दुसरा पाइप. दोन्ही पाइपांच्या तोंडाला बारीक जाळी. पावसाळ्यात वरच्या पाइपातून मासे वाहून जातात, म्हणून ही जाळी दर आठवड्याला तपासा.

सिमेंटचा कडकपणा काढा

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो. अशा पाण्यात हात घातला तर बोटं बुळबुळीत लागतात, तर माशाच्या नाजूक कल्ल्यांचं काय होत असेल? म्हणून गिलावा झाल्यावर टाकी भरा, चार-पाच दिवस ठेवा, ब्रशने घासा आणि पाणी सोडून द्या. असं तीन-चार वेळा करा. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे मधल्या एका भरणीत केळीच्या खांबाचे तुकडे आणि थोडं शेण टाकून ठेवायचं, नंतर सगळं धुऊन काढायचं. ती रीत चांगली आहे. यात तीन आठवडे जातात आणि भिंतीला पाणी मारायचं कामही त्यातच होतं. शेवटी मासेवाल्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने पाण्याचा पीएच बघा. तो ७ ते साडेआठच्या मध्ये आला की पुढचं काम सुरू.

विरजण म्हणजे काय?

आता मुख्य गोष्ट. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. गोठा दोन दिवस झाडला नाही तर डोळ्यांना झोंबणारा वास येतो ना, तोच हा अमोनिया. गोठ्यात निदान वारा असतो. टाकीतल्या माशाला पळायला जागा नाही. त्याचे कल्ले भाजतात.

निसर्गाने यावर उपाय केला आहे. पाण्यात काही जिवाणू असतात, ते अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते माशाला फारसं बाधत नाही, झाडांना तर खतच. दुधाचं दही व्हायला जसे विरजणातले जिवाणू लागतात आणि वेळ लागतो, तसंच हे. फरक एवढाच की दही एका रात्रीत लागतं, आणि पाणी लागायला चार ते सहा आठवडे.

या जिवाणूंना राहायला घर लागतं, ते म्हणजे गाळणी. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा पिंप घ्या. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा पिंप कितीही धुतला तरी चालणार नाही. पिंपात जुनी नायलॉनची जाळी, भांडी घासायच्या प्लास्टिकच्या नव्या जाळ्या, आणि त्यावर धुतलेली खडी किंवा विटांचे तुकडे भरा. टाकीतून लहान मोटरने पाणी पिंपात चढवायचं आणि पिंपातून धार परत टाकीत पडू द्यायची. धार पडताना पाण्यात हवाही मिसळते. ४० वॅटची मोटर दिवसरात्र चालली तर रोज साधारण एक युनिट वीज लागते. हा खर्च हिशेबात आधीच धरा, कारण ही मोटर बंद ठेवायची नसते.

मासे नसतानाच ही मोटर सुरू करा. रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाका, ते कुजून जिवाणूंना अन्न मिळतं. ओळखीच्या कुणाची निरोगी माशांची जुनी टाकी असेल तर तिच्या गाळणीतली मूठभर खडी आणून आपल्या पिंपात टाका. हेच खरं विरजण, याने दिवस वाचतात. तपासणीच्या पट्टीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसायला लागले की पाणी लागलं असं समजा.

नंतर गाळणी धुवायची वेळ आली की नळाच्या पाण्याने धुऊ नका. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन जाळी हलक्या हाताने खळबळा. सगळं चकाचक केलं तर विरजणच वाया जातं.

नळाचं पाणी आणि टीसीएल

ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. आपल्या आरोग्यासाठी ती हवीच. पण तिच्यातला क्लोरीन माशालाही मारतो आणि विरजणातल्या जिवाणूंनाही. म्हणून नळाचं पाणी थेट टाकीत सोडू नका. उघड्या पिंपात एक-दोन दिवस उन्हात ठेवा, अधूनमधून ढवळा, मग ओता. आणि त्या पिंपातही पाणी आठवडाभर तसंच राहू देऊ नका, डासांच्या अळ्या होतील. कोईच्या टाकीत ती भीती कमी, कारण गप्पी माशांसारखेच कोईसुद्धा अळ्या खाऊन टाकतात.

मासे आणताना

पहिल्या खेपेला या टाकीत शंभरापेक्षा जास्त पिल्लं सोडू नका. मावतात म्हणून दोनशे घातली तर सगळीच खुरटतात. पिल्लं संध्याकाळी आणा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घाला, आणि शेवटी मासे जाळीने अलगद सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

टाकीत आधीचे मासे असतील तर नवे मासे दोन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा. टबच्या दर लिटर पाण्याला तीन ग्रॅम खडे मीठ, म्हणजे पन्नास लिटरला दीडशे ग्रॅम. बाहेरून येणारे बरेच किडे-रोग यात आटोक्यात राहतात.

रोजचं काम

खाद्य सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटांत संपेल एवढंच. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग भिजवून गोळे करून देता येतात, पण बुरशी आलेली पेंड अजिबात नको. वाढ लवकर हवी तर तयार खाद्यही सोबत द्या. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांची पूड खाद्यात मिसळली तर रंग खुलायला मदत होते. झेंडू आपल्या परसातला, न फवारलेला घ्या. हारातला नको.

दर आठवड्याला तळाचा कॉक उघडून दहावा हिस्सा, म्हणजे सव्वाचारशे लिटर पाणी परसबागेला सोडा आणि तेवढंच मुरवलेलं पाणी भरा.

पहाटे एकदा टाकीकडे नजर टाकाच. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघेही पाण्यातला प्राणवायू वापरत असतात, म्हणून तो पहाटे सर्वांत कमी असतो. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे वैशाखात ही वेळ जोखमीची. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर मोटर बघा. वीज गेली असेल तर तांब्याने पाणी उंचावरून टाकीतच ओतत राहा. मासे तळाला पंख मिटून बसले किंवा कल्ले लालभडक दिसले, तर आधी खाद्य बंद करा आणि चौथा हिस्सा पाणी बदला. औषध नंतर.

मुलं, वीज आणि खंड्या

टाकीवर लोखंडी चौकटीत जाळी बसवाच. खंड्या, बगळा आणि मांजर यांना ती अडवते. पण तिचं पहिलं काम मुलांना अडवणं आहे, म्हणून ती माणसाचं वजन पेलणारी आणि कडी लावता येणारी असावी. टाकीजवळ स्टूल, विटांचा ढीग, उलटी बादली, चढता येईल असं काही ठेवू नका.

मोटर पाण्यात असते, म्हणून त्या लाइनला गळती झाली की वीज तोडणारा स्विच वायरमनकडून बसवून घ्या. आणि तरीही, पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा.

नको झालेले मासे ओढ्यात, तळ्यात सोडू नका. कोई तळाची माती उकरून पाणी गढूळ करतो, आणि त्याचा त्रास आपल्या देशी माशांना होतो.

गटाच्या बैठकीत विचारायचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न पाण्याचा. कडक उन्हाळ्यात या टाकीतून रोज तीन-चार हंडे पाणी नुसतं वाफ होऊन जाईल, आठवड्याचं बदलायचं पाणी वेगळं. एप्रिल-मे महिन्यात तुमच्या वाडीत टँकर येत असेल तर हा धंदा तुमच्यासाठी नाही. तिथे त्याच पैशात दुसरं काही करा.

दुसरा प्रश्न, बघणार कोण? दहाजणींची टाकी म्हणजे कुणाचीच नाही, असं होऊ देऊ नका. सकाळ-संध्याकाळच्या पाळ्या ठरवा, वहीत तारीख, खाद्य, पाणी बदललं का आणि मेलेले मासे लिहा.

तिसरा प्रश्न, घेणार कोण? पहिली वीट लावायच्या आधी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावी जाऊन मासेवाल्या दुकानदारांना भेटा. किती इंचांचा, कुठल्या रंगाचा, महिन्याला किती आणि काय भावाने घेणार, हे विचारून लिहून आणा. दोन-तीन पक्की गिऱ्हाइकं मिळाली तरच पुढे जा.

सरकारी मदतीचंही विचारा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटसाठी तीन लाख रुपये खर्च धरला होता आणि महिलांना त्यावर ६० टक्के अनुदान ठेवलं होतं. सध्या काय चालू आहे ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन पाहा, आणि मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका.

वेळेचं गणित असं बसतं. दिवाळीनंतर बांधकाम, मग तीन आठवडे टाकी धुण्याचे, चार-सहा आठवडे विरजणाचे, आणि संक्रांतीच्या सुमाराला मासे. मधल्या दिवसांत शेजारीपाजारी विचारतील, "काय गं, टाकी बांधली आणि नुसतं पाणीच का फिरवताय?" त्यांना सांगा, दूध तापवलंय, विरजण लावलंय, दही लागू द्या.